तीन दारांचं कपाट आणि चार सेंटिमीटरची मोकळीक

लिफ्ट नसलेल्या इमारतीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून दुसऱ्या इमारतीत पहिल्या मजल्यावर जायचं होतं. तिथंही जिनाच. घरात नवरा-बायको दोघं, मदतीला बायकोचा धाकटा भाऊ आणि मी. भाऊ तिला ताई आणि तिच्या नवऱ्याला दाजी म्हणतो. सोयीसाठी मीही इथं तेच म्हणतो. दाजींची कंबर पूर्वी एकदा चांगलीच धरली होती आणि तेव्हापासून ते भरलेली बादलीसुद्धा विचार करून उचलतात. मेहुणा व्यायाम करणारा, त्यामुळे त्याच्या लेखी हा सकाळी सुरू करून दुपारी आटपायचा विषय होता. निर्णय मात्र ताईचे होते, कारण टेप तिच्या हातात होती आणि वहीही.

जड म्हणावं असं सामान चार नगांचं. एक तीन दारांचं पार्टिकल बोर्डाचं कपाट: २२५ सेंमी उंच, १३५ रुंद, ६० खोल. एक लोखंडी कपाट, १९८ उंच. एक सागवानी खणांचं कपाट, मीटरभर उंच, चार ड्रॉवरचं. आणि तिघांचा सोफा. बाकी खोकी, गाद्या, भांडी. त्यांचा त्रास असतो तो संख्येचा, वजनाचा नाही, म्हणून ती इथं सोडून देतो.

हे सगळं स्वतः हलवायचं की माणसं लावायची, हा प्रश्न सहसा दंडाकडे बघून सोडवला जातो. इथं तो कागदावर सोडवला गेला, आणि तरीही एका जागी कागद अपुरा पडला. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

वजनाचा अंदाज

कपाट काट्यावर ठेवता येत नाही, पण त्याचं वजन काढता येतं. पार्टिकल बोर्ड घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो. फळी १८ मिमी जाडीची असेल तर एका चौरस मीटरला पावणेबारा किलो होतात. ताईने तीन दारांच्या कपाटाच्या सगळ्या फळ्यांचं क्षेत्रफळ मांडलं: बाजू, मधली उभी फळी, वरची-खालची, कप्पे, दारं. बेरीज दहा चौरस मीटरच्या आत-बाहेर आली. म्हणजे फळ्यांचेच सुमारे ११५ किलो, वर पाठीचा पातळ हार्डबोर्ड, आरसा, बिजागऱ्या. एकूण सव्वाशेच्या पुढे. त्यातली नुसती तीन दारंच चौतीस किलोंची. दारं, कप्पे आणि ड्रॉवर काढले की सांगाडा सत्तरेक किलोंवर येतो.

लोखंडी कपाटाचाही तसाच हिशेब. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो, पत्रा ०.८ मिमीचा, म्हणजे चौरस मीटरला सव्वासहा किलो. पत्रा भरला आठ चौरस मीटर. आतली तिजोरी, पत्र्याच्या घड्या आणि पट्ट्या धरून आकडा सत्तरच्या आसपास. पण यातलं सुटं काही होत नव्हतं. सत्तर म्हणजे एकगठ्ठा सत्तर.

खणांचं कपाट भरीव सागवानी, पंचावन्न किलो. ड्रॉवर काढल्यावर पस्तीस.

आता माणसाला किती झेपतं? अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेलं उचलण्याचं एक सूत्र आहे. सगळी परिस्थिती उत्तम असताना, म्हणजे ओझं अंगाला लागून, साधारण पाऊण मीटर उंचीवर, नीट पकड असलेलं, कंबर न पिळता आणि अधूनमधूनच उचलायचं असताना, ते मर्यादा धरतं २३ किलो. अंगाला लागून म्हणजे घोट्यापासून हातापर्यंतचं आडवं अंतर २५ सेंमी. तेच अंतर ५० झालं की मर्यादा निम्मी, साडेअकरा किलो. कारण सरळ आहे. पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरच्या दांड्यावर काम करतात. हातातलं वीस किलो मणक्यापासून पन्नास सेंमी पुढे असेल, तर ते तोलायला त्या स्नायूंना दहापट, दोनशे किलोंचा ताण द्यावा लागतो. कपाट ही वस्तू नेमकी अशी असते की ती अंगाला लावून धरताच येत नाही.

मेहुण्याचं म्हणणं, "ताई, एकट्याचं कशाला बघतेस? दोघं आहोत की. हळूहळू उतरवू."

"हळूहळू उतरवलं म्हणून वजन कमी होत नाही रे."

दोघांची ताकद दुप्पट होते हा समजही खरा नाही. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या कामगार-सुरक्षा संस्थेच्या मार्गदर्शनात एक ठोकताळा दिलेला आहे: दोघांनी मिळून उचलायचं तर दोघांच्या क्षमतेच्या बेरजेचा दोनतृतीयांश धरा, तिघं असतील तर निम्मा. पावलं जुळत नाहीत, एकाला दुसऱ्याच्या पलीकडचं दिसत नाही, एकजण आधी उचलतो. हा ठोकताळा त्या २३ किलोंना लावला तर दोघांचे एकतीस किलो होतात, तिघांचे साडेचौतीस. म्हणजे तिसऱ्या माणसाने पदरात पडतात साडेतीन किलो. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे असे जोडणं शास्त्रशुद्ध नाही आणि नायॉशचं सूत्र जिन्यासाठी बनलेलंही नाही, पण निर्णयाला दिशा मिळायला तेवढं पुरेसं होतं. "अजून एकजण बोलावू" या उपायावरचा माझा विश्वास तिथंच उडाला.

लोखंडी कपाट सत्तर किलो, सुटं न होणारं, धरायला कड नसलेलं, कडा बोटं कापणाऱ्या. ते माणसं लावूनच उतरवायचं असं ताईने ठरवलं. बाकी तीन नग घरच्यांनी. मेहुण्याला हे पटलं नाही, पण त्याने वाद घातला नाही.

ती माणसं आली तेव्हा एक गोष्ट बघण्यासारखी होती. त्यांनी कपाट दोघांत आडवं धरलंच नाही. ब्लँकेट गुंडाळून, रुंद पट्टा खालून घेऊन एकाने ते पाठीवर घेतलं, तिरकं, पाठीला चिकटलेलं. दुसरा मागून फक्त तोल राखत होता. ते ओझं त्या सूत्राच्या कितीतरी वर होतं आणि रोज असं करणाऱ्यांच्या पाठींचं काय होतं हा वेगळाच विषय आहे. पण आडवं अंतर जवळजवळ शून्यावर आणलं की काय फरक पडतो, ते तिथं दिसलं. घरच्या माणसाने याची नक्कल करू नये. ती पकड, तो श्वास आणि पायरी न बघता पायरी ओळखणं ही वर्षांची कमाई असते.

सोफा

सोफ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तरी लोक सर्वांत जास्त त्यालाच घाबरतात. लांबी २१०, खोली ९०, उंची ८५. नव्या घराच्या दाराची मोकळी रुंदी ७९ सेंमी. ना खोलीने जातो, ना उंचीने. पण सोफ्याचे पाय बहुतेक वेळा नुसते पिळून बसवलेले असतात. ते डावीकडे फिरवून काढले, बारा सेंमी गेले, उंची राहिली ७३. सोफा कुशीवर वळवला की ती ७३ सेंमीची बाजू दारात आडवी येते आणि तीनतीन सेंमी दोन्हीकडे उरतात. दाराचा पल्ला बिजागरीतून काढला असता तर अजून चार मिळाले असते. ती वेळ आली नाही.

आत गेल्यावर ९५ सेंमी रुंदीची गल्ली आणि काटकोनात वळण. ९० सेंमी खोलीचा, दोन मीटरचा सोफा जमिनीवर ठेवून तिथून वळूच शकत नाही. काटकोनातल्या वळणातून जास्तीत जास्त केवढ्या क्षेत्रफळाचा आकार सरकत जाईल, हा प्रश्न लिओ मोझर यांनी १९६६ मध्ये गणित म्हणून मांडला होता आणि त्याला नावच 'सोफा हलवण्याचा प्रश्न' असं पडलं. गल्ली एक एकक रुंद धरली तर जोसेफ गर्व्हर यांनी १९९२ मध्ये दिलेला आकार २.२१९५ चौरस एककांचा आहे, जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा दिसणारा. यापेक्षा मोठा आकार शक्य नाही अशी सिद्धता जिनऑन बेक यांनी २०२४ मध्ये मांडली. गणितज्ञांना इतकी वर्षं लागली, कारण त्यांचा सोफा सपाट आहे, तो उचलून उभा करता येत नाही. आपला येतो. तो त्याच्याच एका बाजूच्या हातावर उभा केला की खाली जागा लागते ७३ बाय ९०, वर छताला २१०. तशाच उभ्या अवस्थेत दोघांनी तो वळणातून सरकवला आणि पलीकडे पुन्हा आडवा केला. खाली जुनी चादर घातली होती, म्हणून फरशीवर ओरखडाही नाही.

खणांचं कपाट, दुसरा जिना

हा सर्वांत हलका नग आणि सगळ्यांत जास्त धोका याच्यातच झाला.

ड्रॉवर काढून पस्तीस किलो. दोघांना सहज. मेहुणा खाली, मी वर, कपाट उभंच, तळाच्या दोन्ही कडा धरून. पहिला जिना ठीक गेला, म्हणजे तसं वाटलं. दुसऱ्या जिन्याच्या मध्यावर मेहुण्याचा चेहरा लाल झाला आणि तो म्हणाला, "तुम्ही धरलंय ना नक्की?" मी धरलं होतं. माझ्या हाताला मात्र काहीच लागत नव्हतं.

ते का, हे कागदावर स्वच्छ दिसतं. जिन्याची पायरी साडेसतरा सेंमी उंच, सत्तावीस रुंद, म्हणजे उतार ३३ अंशांचा. वस्तू त्याच उताराने कलली की तिचा भारमध्य खालच्या माणसाकडे झुकतो. किती झुकतो ते वस्तूच्या आकारावर आहे. खालच्याचा वाटा म्हणजे निम्मं, अधिक उंची भागिले लांबीच्या दुप्पट गुणिले उताराचा टँजंट (म्हणजे पायरीची उंची भागिले रुंदी). हे कपाट १०० सेंमी उंच, ९० रुंद. उताराचा टँजंट ०.६५. वाटा येतो ८६ टक्के. पस्तीसपैकी तीस किलो मेहुण्याकडे, पाच माझ्याकडे. दोघांनी उचललेलं ओझं प्रत्यक्षात एकजण नेत होता, तेही मागे सरकत, पायरी न दिसता.

तेच कपाट त्याची पाठ खाली करून आडवं धरलं तर हिशेब बदलतो. आता लांबी १००, जाडी ४५. खालच्याचा वाटा ६५ टक्के, म्हणजे पावणेतेवीस किलो. वस्तू तीच, माणसं तीच, जिना तोच.

जिन्याच्या वळणावर ताईने आवाज दिला, "थांबा. ठेवा खाली. आता आडवं." मध्ये कुणीतरी एकानेच बोलायचं हे तिने आधीच ठरवून दिलं होतं: वाहणाऱ्यांनी फक्त "थांब" म्हणायचं, बाकी सूचना तिच्या. हा नियम मला सुरुवातीला जरा फाजील वाटला होता. दुसऱ्या जिन्यावर वाटला नाही. आडवं घेतल्यावर बाकीचे जिने मेहुणा गप्पा मारत उतरला.

लोखंडी कपाटाचं हेच गणित नंतर उत्सुकतेने करून पाहिलं. १९८ लांब, ४८ जाड, दोघांनी त्याची पाठ खाली करून आडवं धरलं असतं तर. खालच्याचा वाटा ५८ टक्के, सत्तरपैकी साडेचाळीस. लांब आणि चपट्या वस्तूत वाटणी जवळपास सारखी राहते. उंच, अरुंद वस्तू मात्र खालच्या माणसाचं नाव घेऊन येते. वॉशिंग मशीन उभंच उतरवणाऱ्या दोघांपैकी नेहमी खालचाच का धापा टाकतो, त्याचं उत्तर हेच.

तीन दारांचं कपाट

सव्वाशे किलो, पण पूर्ण सुटं होणारं. त्यामुळे वजनाचा प्रश्न राहिलाच नाही. सर्वांत जड नग, म्हणजे बाजूची एक फळी, साडेपंधरा किलोंची. अवघड होतं ते सोडणं आणि पुन्हा जोडणं.

असली कपाटं मिनीफिक्सवर जोडलेली असतात. एका फळीत बोल्ट, दुसरीत बुटकी गोल चकती; चकती अर्धा फेरा फिरवली की ती बोल्टचं डोकं आत ओढून घट्ट धरते. सोडताना ती उलटी अर्धा फेरा फिरवायची, खूण बोल्टकडे आली की फळी आपोआप मोकळी होते. फळी मोकळी व्हायच्या आधी ओढली तर बोल्ट बोर्डाचा भुगा घेऊनच बाहेर येतो. पार्टिकल बोर्डाला लाकडासारखे धागे नसतात, एकदा भोक सैल झालं की ते पुन्हा धरत नाही. ताईने प्रत्येक फळीवर कागदी चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं: "डावी, आतली बाजू, वर." प्रत्येक सांध्याचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवी त्याच फळीला चिकटवलेली. हे सगळे करतात असं सगळे म्हणतात. पेनाने "वर" लिहिणारे मी फार पाहिले नाहीत, आणि जोडताना गाडी अडते ती "वर"वरच.

फळ्या टेम्पोत उभ्या कडेवर लावल्या, आडव्या एकावर एक नाही. आरशाचं दार दोन ब्लँकेटांच्या मध्ये. इथवर सगळं सुरळीत.

नव्या घरात कपाट ज्या खोलीत जायचं होतं तिथं जिप्समचं फॉल्स सीलिंग. ताईने त्या छताची उंची आधीच घेतली होती: २२९. कपाट २२५. वहीत शेजारी लिहिलेलं, "बसतं." आणि ते खरंही होतं.

कपाट नेहमीच्या पद्धतीने जमिनीवर आडवं, तोंड खाली करून जोडलं. बाजू, तळ, मधली फळी, माथा, मग पाठीचा हार्डबोर्ड बारीक खिळ्यांनी. दोन्ही कर्ण टेपने मोजून बघितले, कारण कर्ण सारखे नसतील तर सांगाडा तिरका आहे आणि दारं कधीच ओळीत येणार नाहीत. एक भरला २६२.९, दुसरा २६१.८. कोपऱ्याला तळहाताने ठोकून बरोबर केलं, मगच खिळे. मग तिघांनी उचललं. दाजी, मेहुणा, मी.

सांगाडा वर येत गेला आणि उभा व्हायला पाव काटकोन उरलेला असताना थांबला. माथ्याची मागची कड छताला लागली होती. जिप्समवर एक बारीक चंद्रकोर उमटली आणि पांढरा भुगा मेहुण्याच्या केसांत पडला.

"दाजी, थोडा जोर लावा, बसेल."

ही जागा फसवी असते. कपाट जवळजवळ उभं आलेलं असतं, त्याचा भारमध्य खालच्या कडेच्या वर यायला थोडाच उरलेला असतो, त्यामुळे धरणाऱ्याच्या हाताला आठ-नऊ किलोंपेक्षा जास्त लागत नाही. सत्तर किलोंची वस्तू इतकी हलकी वाटली की माणसाला जोर करावासा वाटतो. जोर केला असता तर छत फुटलं असतं, नाहीतर माथ्याचे बोल्ट उपटले असते.

उभं झालेलं कपाट २२५ सेंमी असतं, पण उभं होत असताना ते वाटेत कधीतरी आपल्या कर्णाएवढं उंच होतं. कर्ण म्हणजे २२५ आणि ६० च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ: २३२.९. छतापेक्षा चार सेंमी जास्त. जुन्या घरात छत २८० होतं, तिथं हा प्रश्न कुणाला पडायचं कारणच नव्हतं. खोलीत कपाट मावतं की नाही आणि खोलीत ते उभं करता येतं की नाही, ही दोन वेगळी मापं आहेत. दुसरं माप बहुतेक जण घेत नाहीत.

कपाट परत आडवं केलं. पुढे काय, यावर तिथंच बसून विचार झाला. बाजूच्या फळ्या खालून कापायच्या? किमान साडेचार सेंमी कापाव्या लागल्या असत्या, आणि पार्टिकल बोर्डाची कापलेली उघडी कड फरशीवर टेकवली की पुसताना लागणाऱ्या पाण्याने ती फुगते. बाहेर उभं करून आत आणायचं? दार दोन मीटर दहाचं. छताचा एक भाग उतरवायचा? घर भाड्याचं. उरला एकच मार्ग, सगळं पुन्हा सोडून कपाट उभ्यानेच जोडायचं.

सोडताना एक बोल्ट भुग्यासकट हातात आला. त्या भोकात काड्यापेटीच्या दोन काड्या लाकडाच्या गोंदात बुडवून ठोकल्या, वरचा भाग पात्याने कापला आणि रात्रभर तसंच ठेवलं. घाई केली तर गोंद ओला असतानाच बोल्ट फिरतो आणि काड्या पिळवटून बाहेर येतात. कपडे तोवर खोक्यातच राहिले.

दुसऱ्या दिवशी कपाट भिंतीपासून हातभर पुढे जोडायला घेतलं, म्हणजे मागे शिरून पाठ ठोकायला जागा राहील. बाजूंच्या खालच्या कडांना आधीच फेल्टचे तुकडे लावले. डावी बाजू दाजींनी उभी धरली. यात उचलणं नाही, नुसतं धरणं, त्यामुळे कंबरेचा प्रश्न नव्हता. तळाची फळी तिला लावली, मग मधली, मग उजवी बाजू. माथा नसलेला सांगाडा पत्त्यांच्या घरासारखा डुलतो, म्हणून समोरून दोरीचा फास घालून तो तात्पुरता आवळला.

मग माथा. हाच खरा प्रसंग. माथ्याची फळी बाजूंच्या डोक्यावर बसते आणि तिच्या खालच्या अंगाला ३४ मिमीचे बोल्ट बाहेर आलेले असतात. ते बाजूंच्या कडेतल्या भोकांत वरून उतरायला हवेत. बाजूंच्या कडेपासून छतापर्यंत जागा ५८ मिमी. फळीची जाडी १८. उरले ४० मिमी, त्यात ३४ चा बोल्ट. सहा मिमी शिल्लक. फळी साडेनऊ किलोंची, पण वरून हात घालायला जागा नाही, म्हणून ती खालून तळहातावर तोलायची, आणि तिरकी करायची सोय नाही, कारण एक टोक खाली गेलं की दुसरं छताला लागतं. मेहुणा एका स्टुलावर, मी दुसऱ्यावर, मधोमध ताई टॉर्च घेऊन. "तुझ्याकडे एक सूत पुढे. अजून. थांब. आता दोघं एकदम सोडा." फळी खाली बसल्याचा आवाज अगदी साधा होता, टप्प असा, आणि मेहुण्याने तेवढ्यात सोडलेला श्वास त्याहून मोठा.

चकत्या फिरवल्या, कर्ण पुन्हा मोजले, पाठ या वेळी खिळ्यांऐवजी वायसर घातलेल्या छोट्या स्क्रूंनी लावली. खिळ्यांची जुनी भोकं सैल झाली होती, आणि हार्डबोर्डाची पाठच अशा कपाटाला डुलण्यापासून धरून ठेवते. ती ढिली तर सगळं ढिलं. मग कपाट भिंतीकडे सरकवलं, हात तळाशी लावून. वरून ढकललं की खालचे सांधे उघडतात.

दारं चढवायला फारसा वेळ लागला नाही. बिजागरीवर स्क्रू असतात, एक दार डावी-उजवीकडे नेतो, एक आत-बाहेर, एक वर-खाली. मधलं दार शेजारच्यापेक्षा दोन मिमी खाली राहिलं आणि ताईने ते तसंच राहू दिलं. शेवटी माथ्याजवळ दोन कोन्या लावून कपाट भिंतीत पक्कं केलं. जुन्या घरात ते तसं नव्हतं. आरशाचं जड दार पूर्ण उघडलं की कपाट पुढे झुकायला बघतं, आणि नव्या खोलीची फरशी दाराच्या बाजूला किंचित उतरती आहे.

मेहुण्याचं अजूनही म्हणणं आहे की लोखंडी कपाट दोघांना झेपलं असतं. उतरवताना कदाचित झेपलंही असतं. पण त्याच्या दोन्ही हातांचे पंजे पुढचे काही दिवस मूठ मिटताना दुखत होते, आणि ते दुखणं सव्वाशे किलोंच्या कपाटाचं नव्हतं. ते होतं पस्तीस किलोंच्या खणांच्या कपाटाचं, पहिल्या दीड जिन्याचं.